पुढची गोळी

हांगझोऊ, 29 सप्टेंबर 2023. आशियाई खेळांत पुरुषांच्या 50 मीटर थ्री पोझिशन रायफलची अंतिम फेरी रंगात आली होती. या प्रकारात नेमबाज आधी गुडघ्यावर बसून, मग पालथा पडून आणि शेवटी उभा राहून गोळ्या झाडतो. पहिल्या दोन स्थिती पार पडल्या होत्या, उभ्याच्या गोळ्या चालू होत्या आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे सगळ्यांच्या पुढे होता. मग एक गोळी सुटली आणि पडद्यावर आकडा उमटला: 7.6.

ज्याने कधी शूटिंग रेंज पाहिली नाही, त्याला हा आकडा वाईट वाटणार नाही. दहापैकी साडेसात म्हणजे शाळेत प्रथम वर्ग. पण 50 मीटरवरच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ असतं 10.4 मिलिमीटर व्यासाचं, सदऱ्याच्या बटणाएवढं. अंतिम फेरीतले आठही जण बहुतेक गोळ्या त्या बटणावर किंवा त्याला खेटून मारत असतात. 7.6 म्हणजे मध्यापासून अडीच-तीन सेंटीमीटर, बोटाच्या एका पेराएवढी चूक. त्या पेराने पदक नेलं. सांघिक सुवर्ण मिळालं, पण वैयक्तिक स्पर्धेत स्वप्नील चौथा आला. आदल्या वर्षी कैरोच्या जागतिक स्पर्धेतही तो चौथाच आला होता. त्या चौथ्या क्रमांकाने देशाला ऑलिम्पिकचा कोटा तरी मिळवून दिला होता. या चौथ्याने फक्त आठवण दिली.

दहा महिन्यांनी, 1 ऑगस्ट 2024 रोजी, पॅरिस ऑलिम्पिकची नेमबाजी जिथे होती त्या शातोरू गावी तोच माणूस पुन्हा अंतिम फेरीत उभा होता. 590 गुण मिळवून, सातव्या क्रमांकाने आत आलेला. गुडघ्यावरच्या गोळ्या संपल्या तेव्हा सहावा, पालथ्याच्या संपल्या तेव्हा पाचवा. आणि आता उभ्याच्या. हांगझोऊत जिथे पाय घसरला, तीच जागा. त्या जागी तो तिसऱ्या क्रमांकावर चढला आणि तिथून उतरला नाही. 451.4 गुण, कांस्यपदक, या प्रकारातलं भारताचं पहिलं ऑलिम्पिक पदक. सकाळपासून पोटात फक्त काळा चहा होता, छाती धडधडत होती, श्वास आवरला आणि वेगळं काही करायला गेलो नाही, अशा आशयाचं तो नंतर पत्रकारांशी बोलला.

वेगळं काही करायला गेलो नाही. गेले कित्येक महिने मी या एका वाक्याभोवती फिरतो आहे.

पदकानंतर आपल्याकडे लेख आले, सत्कार झाले, मिरवणुका निघाल्या. सगळीकडे शब्द एकच: पोलादी मन. मला हा शब्द पटत नाही. पोलाद वाकत नाही हे खरं, पण त्याला दुखत नाही, आठवत नाही, ते शिकतही नाही. 7.6 नंतर पुन्हा त्याच स्थितीत उभं राहणाऱ्या माणसाला सगळं आठवत असतं. तरीही त्याचा हात पुढच्या गोळीसाठी मोकळा असतो. ही मोकळीक कुठून येते, ती एकट्याची असते की कुणाकुणाची मिळून, आणि जी गोष्ट रेंजवर शिकवता येते ती कचेरीत, कारखान्यात, गाडीच्या कॅबमध्ये का शिकवली जात नाही, हे शोधायला मी निघालो.

मानसशास्त्राचे अभ्यासक याला रेझिलिअन्स म्हणतात. मराठीत लवचिकता, चिवटपणा, खंबीरपणा असे शब्द सुचवले जातात. पण आपल्या बोलण्यात आधीपासून दोन शब्द आहेत आणि ते शेतातून आले आहेत. पाऊस ओढ देतो तेव्हा आपण म्हणतो, पीक अजून तग धरून आहे. आणि सर पडून गेली की म्हणतो, पिकाने उभारी घेतली. तग पिकाची असते. उभारीला पाऊस लागतो. माणसाच्या बाबतीत आपण हा दुसरा अर्धा भाग विसरतो आणि कोमेजलेल्या रोपासमोर उभं राहून त्याला जिद्दीचं व्याख्यान देतो.

स्वप्नीलच्या बाबतीत पाऊस कुठून कुठून आला ते पाहता येतं. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. 2009 च्या सुमारास पोरगा राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथे नेमबाजी हाती आली. हा महागडा खेळ आहे. एकेका गोळीला पैसे मोजावे लागतात आणि सरावात गोळ्या शेकड्यांनी जातात. वडिलांनी कर्ज काढून गोळ्या आणल्याचं त्यांनीच सांगितलं आहे. 2015 मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी लागली. महेंद्रसिंग धोनीही एकेकाळी रेल्वेत हेच काम करत होता, म्हणून तो आपला आदर्श, असं स्वप्नील सांगतो. मला त्या आदर्शाइतकीच ती नोकरी महत्त्वाची वाटते. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारा पगार हा मनाच्या ताकदीवरच्या एकाही पुस्तकात धडा म्हणून नसतो. पण कर्जाच्या गोळ्या झाडणारा आणि पगाराच्या गोळ्या झाडणारा यांच्या बोटावर सारखंच ओझं असेल, असं मला वाटत नाही.

आणि मग प्रशिक्षक. दीपाली देशपांडे 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये स्वतः रायफल घेऊन उतरलेल्या. त्या आपल्याला दुसऱ्या आईसारख्या आहेत, असं स्वप्नीलने अनेकदा सांगितलं आहे. अथेन्सहून त्या पदक न घेता परतल्या होत्या. चुकलेल्या गोळीनंतर पोटात जे होतं ते त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नसणार.

रेंजवर तासभर शांत बसलं की एका गोळीत किती गोष्टी असतात ते दिसतं. पुणे जिल्ह्यातल्या एका रेंजवर मी दहावी-अकरावीतल्या एका मुलीला उभ्या स्थितीचा सराव करताना पाहत होतो. जाड कॅनव्हासचं आणि चामड्याचं जॅकेट, इतकं ताठ की ते घालून धड वाकताही येत नाही. एका डोळ्यापुढे पांढरी पट्टी. रायफल स्टँडवरून उचलायची, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, गाल लाकडावर. एक श्वास पूर्ण, दुसरा अर्धा, मग थांबायचं. या थांबण्याला चार-सहा सेकंदांची मुदत. तेवढ्यात गोळी सुटली तर ठीक. नाही सुटली तर रायफल खाली घ्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात. ती मुलगी तीनदा खाली आली. तीनदा. चौथ्यांदा गोळी सुटली आणि शेजारच्या छोट्या पडद्यावर आठच्या आतबाहेर काहीतरी उमटलं.

तिने चेहरा वाकडा केला नाही, असं मी म्हणणार नाही. केला. मग रायफल स्टँडवर ठेवली, तळहात पँटला पुसला, बाटलीतलं घोटभर पाणी प्यायली, दूरच्या झाडाकडे पाहिलं आणि पायांची जागा पुन्हा तपासली. तिचे सर मागे खुर्चीत होते. ते उठले नाहीत, बोलले नाहीत. नंतर विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ते मुलांना दहा मारायला शिकवतात त्याहून जास्त वेळ आठनंतर काय करायचं ते शिकवण्यात घालवतात. हात पुसणं, पाणी, झाड, पाय. क्रम ठरलेला, रोज घोटलेला. चूक झाली की मन मागे धावतं किंवा पुढे, कधी गेलेल्या गोळीकडे, कधी हरलेल्या निकालाकडे. शरीराला ठरलेलं काम दिलं की मन त्याच्यामागून परत येतं. सराव संपल्यावर ती मुलगी वहीत लिहीत बसली. त्या वहीत गुण नव्हते. कुठली गोळी सोडायला नको होती, ते होतं.

नाशिकच्या भीष्मराज बाम यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. पोलीस सेवेतून निवृत्त झालेला हा अधिकारी महाराष्ट्रात क्रीडा मानसशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतला एक. नेमबाज अंजली भागवतपासून क्रिकेटपटू राहुल द्रविडपर्यंत अनेकांनी त्यांचं मार्गदर्शन घेतलं. योगशास्त्रातली एकाग्रतेची आणि श्वासाची साधना त्यांनी खेळाडूंच्या भाषेत आणली आणि 'विजयाचे मानसशास्त्र' लिहून ती साध्या मराठीत सर्वांसाठी ठेवली. 2017 मध्ये ते गेले. मला त्यांच्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की मन हा सरावाचा विषय आहे, जन्मजात देणगीचा नाही, हे त्यांनी धरून ठेवलं. खांदा दुखला तर फिजिओ, मन दुखलं तर मात्र मूळचाच कच्चा, असा हिशेब ज्या काळात सर्रास होत असे, त्या काळात.

डेव्हिड फ्लेचर आणि मुस्तफा सरकार या ब्रिटिश अभ्यासकांनी 2012 मध्ये 12 ऑलिम्पिक विजेत्यांच्या मुलाखतींवर आधारलेलं एक संशोधन प्रसिद्ध केलं. सुवर्णपदक मिळवलेली ही माणसं ताणाला कशी सामोरी गेली, हा विषय. त्यांत सकारात्मक वृत्ती, प्रेरणा, आत्मविश्वास, एकाग्रता या अपेक्षित गोष्टी निघाल्याच. पण पाचवी गोष्ट निघाली, आपल्यामागे माणसं आहेत ही जाणीव. पुढे या दोघांनी एक साधी मांडणी केली. माणूस जिथे वाढतो त्या जागेला दोन मापं लावा. तिथे आव्हान किती, आणि आधार किती. दोन्ही कमी असतील तर माणूस साचतो. आधार भरपूर पण आव्हान नाही, तर तो सुखावतो आणि तिथेच राहतो. आव्हान भरपूर आणि आधार नाही, तर काही काळ निकाल मिळतात, मग माणूस मोडतो. दोन्ही भरपूर असतील तिथेच टिकणारी ताकद तयार होते.

हे वाचताना मला गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवले. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले, तांबड्या मातीतला मल्ल नवख्या मॅटवर. 1952 च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले, ही हकीकत आता सर्वांना ठाऊक आहे. दुसरी तितकी सांगितली जात नाही. हेलसिंकीत एक दमछाक करणारी लढत संपते न संपते तोच खाशाबांना पुढच्या लढतीला उभं केलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. पण तो मागायला, पंचांसमोर जाऊन भांडायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. ते हरले आणि कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. एका माणसाने घर गहाण टाकलं म्हणून ते तिथवर पोचले आणि अर्धा तास मागणारं कुणी नव्हतं म्हणून तिथेच थांबले. खाशाबांच्या मनाचा कणखरपणा दोन्ही वेळी तोच होता.

आमच्याकडे तालमीचं मोठं कौतुक आहे आणि ते रास्त आहे. काल मैदानात चितपट झालेला पोरगा आज पहाटे चार वाजता पुन्हा जोर मारायला उतरतो, वस्ताद कालचं काढत नाही, खुराक त्याच वाटीत मिळतो. पराभव मातीत जिरवायची ही रीत एखाद्या उपचारापेक्षा कमी नाही. पण त्याच तालमीत रडणाऱ्याला जागा नसायची, हेही खरं. दुखापत लपवून लढलेले, मग गुडघा कायमचा गमावून गावी परतलेले पैलवान पश्चिम महाराष्ट्राच्या गावागावांत भेटतात. त्यांनी तग खूप धरली होती.

रडण्याची गोष्ट निघाली म्हणून नवी मुंबईचा 30 ऑक्टोबर 2025 चा दिवस. महिला विश्वचषकाची उपांत्य लढत, समोर ऑस्ट्रेलिया, पाठलाग 339 धावांचा. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला त्याच स्पर्धेत एका सामन्यासाठी संघातून वगळलं होतं. त्या दिवशी आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे तिला अगदी ऐनवेळी कळलं. 134 चेंडूंत नाबाद 127. वाटेत 82 वर झेल सुटला, दम संपला, ती स्वतःशी काही पुटपुटत राहिली, भारत अंतिम फेरीत गेला आणि तीन दिवसांनी विश्वविजेता झाला.

माझ्या दृष्टीने त्या रात्रीची खरी खेळी पत्रकार परिषदेतली. शतक ठोकून आलेली ही मुलगी डोळ्यांतलं पाणी न लपवता म्हणाली की स्पर्धेच्या सुरुवातीपासून ती चिंतेशी झगडत होती, आईला फोन करून रडत होती, मन बधिर झालं होतं. मैत्रिणींची नावं तिने घेतली. कोण जवळ येऊन बसत असे, कोण काही न बोलता नुसती सोबत उभी राहत असे. आणि कुणी पाहणारा अशाच अवस्थेत असेल तर त्याच्यासाठी मी हे बोलते आहे, मदत मागायला हरकत नाही, असं तिने सांगितलं. खेळाच्या मैदानावर जिंकलेल्या माणसाने जिंकलेल्या रात्री असं बोलणं आपल्याकडे मी पूर्वी ऐकलं नव्हतं. हरलेला बोलला तर ती सबब ठरते. जिंकलेली बोलली म्हणून घराघरांतल्या आईबापांनी कान दिला.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हवेत असताना आपलं शरीर कुठे आहे याचंच भान हरपू लागल्यावर स्पर्धेतून बाजूला झाली, तेव्हा जगभर तिला पळपुटी म्हणणारे निघाले. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णं आणि एक रौप्य मिळवलं. थांबणं हाही उभारीचाच भाग असतो. नेमबाज अभिनव बिंद्राने तर याच्या पुढचं सांगितलं आहे. 2004 मध्ये अथेन्सला तो अंतिम फेरीत सातवा आला, त्याने त्यावर चार वर्षं काम केलं, 2008 मध्ये बीजिंगला सुवर्ण मिळवलं आणि त्यानंतर त्याला पोकळीने घेरलं. ज्या एका दिवसासाठी इतकी वर्षं दिली तो दिवस संपल्यावर सकाळी कशासाठी उठायचं, हा प्रश्न. पराभव पचवायला आपण मुलांना थोडंफार शिकवतो. यश पचवायलाही तितकीच तयारी लागते, हे ध्यानातच येत नाही.

आता कामाच्या जागी येतो, कारण मला खरी तळमळ तिथली आहे.

खेळाडूच्या आयुष्यात सराव पुष्कळ, परीक्षा थोडी. स्वप्नील वर्षातले बहुतेक दिवस तयारीत घालवतो आणि मोजक्या दिवशी निकालाला उभा राहतो. हंगाम संपला की विश्रांती असते, सोबत प्रशिक्षक, फिजिओ, आहारतज्ज्ञ असतात. नोकरदाराचं गणित उलटं आहे. परिचारिकेचा, बसचालकाचा, कॉल सेंटरमधल्या मुलाचा, बँकेतल्या काउंटरवरच्या बाईचा रोजच अंतिम सामना. सराव नाही, हंगाम नाही, मागे खुर्चीत शांत बसलेले सर नाहीत. आणि तरी त्यांना भिंतीवरच्या फलकांवर खेळाडूंचीच चित्रं दाखवून सांगितलं जातं की हिंमत हरू नका.

मी पूर्वी एका कचेरीत काम करत होतो. तिथे एका वर्षी माणसं कमी केली गेली आणि उरलेल्यांवर दीडपट काम आलं. दोन सहकारी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला लागले, एकीने मुलाच्या परीक्षेसाठी मागितलेली रजा तीनदा परत आली. मग एक दिवस आम्हाला सभागृहात बोलावून ताणमुक्तीची कार्यशाळा घेतली गेली. प्रशिक्षक मनापासून बोलत होते, श्वासाचे व्यायाम चांगले होते, मी त्यातला एक आजही करतो. पण बाहेर पडलो तेव्हा टेबलावर कागदांचा ढीग तेवढाच होता आणि तिची रजा तशीच अडकलेली. पाऊस नसलेल्या शेतात आम्हाला उभारी घ्यायला सांगितलं गेलं होतं. त्या दिवशी मला राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

हा केवळ माझा अनुभव नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील विल्यम फ्लेमिंग यांनी 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ताणावरची प्रशिक्षणं, सजगतेचे वर्ग, मनःस्वास्थ्याची अ‍ॅप्स, असं एकेकट्या माणसाला देऊ केलेलं साहाय्य घेतलेले लोक आणि न घेतलेले लोक यांच्या मनःस्वास्थ्यात जवळजवळ काही फरक आढळला नाही. थोडा फरक दिसला तो सेवाकार्यात भाग घेणाऱ्यांत. काम कसं आखलं आहे, वेळापत्रक, माणसांची संख्या, वरिष्ठांची वागणूक, यांना हात लावल्याशिवाय इलाज नाही, असा त्यांचा रोख आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामामुळे माणूस आतून जळून जाण्याच्या अवस्थेची, बर्नआउटची, व्याख्या केली ती कामाच्या जागी हाताळल्या न गेलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम अशी. शब्द नीट पाहावेत. हाताळला न गेलेला, आणि तोही कामाच्या जागी. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर 2021 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो. रक्तवाहिनीपुढे पोलादी मन चालत नाही.

म्हणजे माणसाच्या स्वतःच्या वृत्तीला काही किंमतच नाही का? आहे, आणि ती नाकारणं खोटं ठरेल. अमेरिकेत इलिनॉय बेल ही टेलिफोन कंपनी होती. मानसशास्त्रज्ञ साल्व्हातोर मॅडी आणि त्यांचे सहकारी 1975 पासून तिथल्या व्यवस्थापकांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत होते. मधेच, 1981 च्या सुमारास, सरकारने टेलिफोन व्यवसायाची मोडतोड केली आणि कंपनीतल्या 26,000 नोकरदारांपैकी जवळपास निम्मे बाहेर गेले. अभ्यासातल्या दोन तृतीयांश लोकांची तब्येत, संसार, काम कुठे ना कुठे कोसळलं. एक तृतीयांश मात्र टिकले, काही तर बहरले. या टिकलेल्यांत तीन गोष्टी दिसल्या. काहीही झालं तरी ते कामापासून आणि माणसांपासून तुटले नाहीत, जेवढं हातात आहे तेवढ्यावर हात चालवत राहिले आणि बदलात शिकण्यासारखं काही आहे का ते पाहत राहिले. त्यांतली पहिली गोष्ट पुन्हा वाचावी, कारण माणसांपासून न तुटणं हे एकट्याने होणारं काम नाही.

मुंबईच्या लोकलचा मोटरमन हा माझ्या मते या राज्यातल्या सर्वांत ताणाच्या कामांपैकी एक काम करतो. पुढच्या कॅबमध्ये एकटा, मागे डब्यांत हजारो माणसं. हँडल दाबून धरलेलं असतं, कारण हात सुटला तर ब्रेक लागावेत म्हणूनच त्याची रचना आहे. नावच डेडमॅन हँडल. नजर रुळांवर. आणि मुंबईच्या रुळांवर बहुतेक वर्षी दोन हजारांच्या वर माणसं मरतात, त्यांतली बरीचशी रूळ ओलांडताना. मोटरमनच्या बोलण्यात याला रनओव्हर म्हणतात. भरधाव लोकल ब्रेक दाबला की जागच्या जागी थांबत नाही. हॉर्न देणं आणि पाहत राहणं एवढंच उरतं.

आमच्या इमारतीत असेच एक निवृत्त मोटरमन राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. या विषयावर लिहितोय म्हटल्यावर त्यांनी बसवून घेतलं, काकूंनी चहा ठेवला आणि बराच वेळ काका वेळापत्रकाबद्दलच बोलत राहिले. साइन ऑन, साइन ऑफ, लॉबी, गार्डच्या दोन घंटा. मग काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या की यांनी बूट कसे काढले यावरून मला कळायचं. बूट दारातच नीट जोडीने ठेवले की दिवस बरा. एक बूट इकडे, एक तिकडे पडला की त्या काही विचारत नसत, फक्त आंघोळीचं पाणी काढत. काकांना हे ठाऊक नव्हतं. तीस वर्षांच्या नोकरीनंतर माझ्यासमोर पहिल्यांदा कळलं, आणि ते थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

मग त्यांनी पहिल्या रनओव्हरची गोष्ट सांगितली. विशीतला मुलगा होता, शेवटच्या क्षणी त्याने मान वळवून कॅबकडे पाहिलं. त्या रात्री काकांना झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी लॉबीत सही करताना हात थरथरत होता. तिथे त्यांचे लोको इन्स्पेक्टर उभे होते, वयाने मोठे, फारसं न बोलणारे. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही, धीर धर असंही म्हणाले नाहीत. काकांच्या मागोमाग कॅबमध्ये चढले आणि शेजारी उभे राहिले. गाडी सुटली. चार स्टेशनं झाली. ते वळण जवळ आलं तसा काकांचा श्वास अडकला, डोळे रुळावरच्या त्या एका जागेला चिकटले. रेल्वेत सिग्नल दिसला की तो मोठ्याने म्हणायची रीत आहे. कॅबमध्ये दोघं असले की एकाने म्हणायचा, दुसऱ्याने परत म्हणायचा. साहेबांनी समोर पाहत, नेहमीच्या आवाजात सिग्नल म्हटला.

"हिरवा."

काकांनी मान वर केली, पाहिलं, आणि परत म्हटलं, "हिरवा."